अक्कांची गच्ची आणि आमचा चंडोल

अजिंठ्याची लेणी पाहायला जळगावहून निघालेल्या गाड्या पहूरला चहापुरत्या थांबतात आणि पुढे जातात. मीही आजवर दोनदा तसाच पुढे गेलो होतो. यंदा होळी झाल्यावर मात्र मी खास पहूरला म्हणून गेलो, तीन दिवस राहिलो आणि लेणी न बघताच परत आलो. हे ऐकून पुण्यातली माणसं माझ्याकडे जरा काळजीने बघतात, म्हणून सगळं नीट लिहून काढतो आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण तिच्याशिवाय माझ्या प्रवासाला काही अर्थ उरत नाही. मी पुण्याच्या एका तंत्रनिकेतनात तीस वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं. माझ्या निवृत्तीच्या सुमारास आमच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला एक उपग्रह आकाशात गेला. उपग्रह म्हटल्यावर फार मोठं काही डोळ्यांसमोर आणू नका, हा जेवणाच्या डब्याएवढा आहे. नाव चंडोल. दिवसातून काही वेळा तो आपल्या आकाशातून जातो, जेमतेम दहा मिनिटं ऐकू येतो आणि क्षितिजाखाली उतरतो. त्या दहा मिनिटांत त्याचं बोलणं टिपायचं आणि त्याला काही सांगायचं असेल तर तेही सांगून घ्यायचं, याला जी जागा लागते तिला भूस्थानक म्हणतात. नाव भारदस्त आहे. आमच्यासारख्या हौशी मंडळींच्या बाबतीत ते म्हणजे एक गच्ची, गच्चीवर एक खांब, खांबाच्या टोकाला अँटेना आणि खाली एक रेडिओ व एक लॅपटॉप.

चंडोलाची बॅटरी बिघडली होती. अंधारात गेला की तो गप्प व्हायचा आणि उन्हात आला की पुन्हा अडखळत बोलायला लागायचा. उपाय एकच होता. बॅटरी सोडून दे आणि थेट सूर्यपट्ट्यांवर चाल, असा हुकूम त्याला पोचवायचा. तो पोचला की उन्हात असेल तेवढ्यापुरता का होईना, चंडोल वर्षानुवर्षं बोलत राहील. नाही पोचला तर बॅटरी एक दिवस त्याला घेऊनच जाईल, आणि आकडे बघता तो दिवस फार लांब नव्हता. पुण्याच्या आमच्या स्थानकाभोवती इतक्या इमारती आणि इतका विजेचा गोंगाट झाला आहे की तिथे चंडोलाचा क्षीण आवाज ऐकूच येत नाही. उरलं होतं पहूर. तिथे माझी जुनी विद्यार्थिनी वैशाली तायडे शाळेत विज्ञान शिकवते आणि सासरच्या गच्चीवर स्थानक चालवते. चंडोलाच्या बॅटरीची पट्टी तिनेच विद्यार्थिदशेत स्वतःच्या हाताने डाखलेली, म्हणजे डाख देऊन जोडलेली. पण गेले दोन महिने तिलाही अर्धेमुर्धेच शब्द येत होते, आणि तिने पाठवलेला हुकूम चंडोलाने ऐकल्याचं एकदाही दिसलं नव्हतं.

आमच्या पुण्यातल्या समितीचा धीर सुटला. शनिवारपर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर प्रकल्प बंद. बंद करण्याचं पत्र टाइप करून त्यांनी माझ्याकडे दिलं, खाली फक्त माझी सही व्हायची होती. खरं सांगतो, मी निघालो तो चंडोलाला वाचवायला नव्हे. वैशालीला प्रत्यक्ष भेटून समजूत घालावी आणि तिच्यासमोर सही करावी, एवढाच माझा बेत होता. मनाच्या समाधानासाठी एक नवा अँटेना तेवढा सांगून ठेवला होता.

सोनगीर, बुधवार

नवा अँटेना सोनगीरला तयार होत होता. धुळ्याहून आग्रा रस्त्याने निघालं की थोड्याच वेळात उजाड माळावर टेकडी दिसते, तिच्या अंगावर किल्ल्याची तटबंदी, आणि पायथ्याशी गाव. या गावात तांब्या-पितळेची भांडी घडवणारी घरं आहेत. आमचा अँटेना मळसूत्री, म्हणजे तांब्याच्या नळीचे आठ वेढे, प्रत्येक वेढा सारखा, दोन वेढ्यांमधलं अंतर सारखं. पुण्यात मी दोन कारखान्यांत विचारलं. एकाने इतकं किरकोळ काम घेत नाही म्हणून सांगितलं, दुसऱ्याने फोनच उचलणं बंद केलं. सोनगीरच्या नानांनी मात्र माझं चित्र फोनवर बघून कधीपर्यंत हवं, एवढंच विचारलं होतं, "कव्हळोक पाहिजे?"

नाना सत्तरीचे, अंगात बंडी, कानावर पेन्सिल. मी पोचलो तेव्हा पिळा तयार होऊन भिंतीला टेकवलेला होता आणि गल्लीतली निम्मी माणसं तो बघून गेली होती.

"बठ्ठं गाव इचारी राह्यनं, नाना हाई काय करी राह्यना," ते म्हणाले. "मी काय सांगू? हंडाले बूड ऱ्हास, तोंड ऱ्हास. याले ते काहीच नही."

मी पट्टी काढून वेढे मोजायला लागलो. नाना शांतपणे बघत राहिले. पहिल्या चार वेढ्यांत एका मिलिमीटरचाही फरक नव्हता. पाचवा मोजायला मला स्वतःचीच लाज वाटली आणि मी पट्टी खिशात घातली.

"हाई काय काम करस, भाऊ?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, वर एक डबा फिरतो आहे, तो बोलतो ते हा ऐकतो. मला वाटलं, आता आणखी दहा प्रश्न येतील. नानांनी पिळ्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "मंग चांगलं शे. भांडं घरमा ऱ्हास. हाई आभायकडे ऱ्हाई."

दुपारी त्यांच्या घरी जेवलो. शेवभाजी आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी. पुण्यात आपण जिला शेवभाजी म्हणतो ती या भाजीची लांबची, आजारी नातेवाईक असावी. तिसऱ्या घासाला माझे कान तापले, पाचव्याला नाकातून पाणी आलं, आणि नानांच्या सूनबाई काळजीने म्हणाल्या की पाहुण्यांसाठी तिखट कमीच घातलं आहे.

बसमध्ये, गुरुवार

दीड मीटर लांबीचा तांब्याचा पिळा गोधडीत गुंडाळून एसटीने न्यायचा असेल तर मोकळं मन सोबत ठेवावं. धुळ्याला कंडक्टरने गोधडी उघडायला लावली, बराच वेळ बघितलं आणि हे दारू गाळायचं नाही ना, एवढं विचारून घेतलं. पारोळ्याला चढलेल्या बाईंनी आपली पिशवी बिनदिक्कत त्याच्या टोकाला अडकवली. एरंडोलला पद्मालयाच्या गणपतीला निघालेलं एक कुटुंब उतरलं, तेव्हा त्यातल्या आजोबांनी उतरता उतरता पिळ्याला हात लावून नमस्कार केला. का, ते मी विचारलं नाही. नमस्कार परत घ्यायला लावणं बरं दिसत नाही.

खिडकीबाहेर काळी जमीन, कापूस काढून झालेल्या शेतांत रचून ठेवलेल्या पऱ्हाट्या, आणि जळगाव जवळ आलं तशा केळीच्या हिरव्यागार बागा. मार्च अर्धासुद्धा उलटला नव्हता, पण ऊन पुण्याच्या मे महिन्याचं. जळगावला बस बदलली आणि पहूरला उतरलो. तिथे भाषाही बदललेली. सोनगीरचं 'शे' वाटेत कुठेतरी मागे राहिलं होतं, इथे 'हाये' सुरू झालं होतं.

वैशाली स्टँडवर आली होती. "जय भीम, सर," म्हणाली आणि माझ्या हातातली पिशवी सोडून आधी पिळाच घेतला. रस्ताभर गोधडीतून तो चाचपत होती. ती इतकी खुशीत होती की खिशातलं पत्र मला छातीवर ठेवलेल्या दगडासारखं वाटायला लागलं.

पहूर, शुक्रवार

गच्चीविषयी सांगायला हवं. आमच्या पुण्याच्या सोसायटीत गच्चीला कुलूप असतं, किल्ली सेक्रेटरीकडे असते आणि सेक्रेटरी गावाला गेलेले असतात. वैशालीची गच्ची आख्ख्या गल्लीची. या दिवसांत तिथे बिबडे वाळत असतात. ज्वारी आंबवून, दळून, तीळ, लसूण आणि मिरची घालून तिचा घाटा शिजवायचा, तो ओल्या कापडावर थापायचा आणि खाटेवर कडक वाळवायचा, म्हणजे बिबडे. शेजारच्या तीन घरांचे बिबडे एकाच गच्चीवर, आणि सगळ्यांवर देखरेख वैशालीच्या सासूबाईंची. त्यांना गल्ली अक्का म्हणते. त्या दिवशी सहा खाटा होत्या, पाण्याची टाकी होती, टाकीखाली लोखंडी सांगाडा होता आणि सांगाड्याशेजारी आमचा लोखंडी खांब. चंडोल या सगळ्यांत वाट काढून बोलत होता.

खांब हाताने फिरवायचा. त्याच्या बुडाशी अंश लिहिलेली एक गोल पत्र्याची तबकडी, तिच्यावरचा शून्य म्हणजे उत्तर दिशा. चंडोल कुठल्या क्षणी कुठल्या अंशावर असेल ते लॅपटॉप सांगतो, एकाने आकडा वाचायचा, दुसऱ्याने खांब वळवायचा.

सकाळी सात वाजता नवा पिळा चढवला. दहाला दहा कमी असताना चंडोल उगवला. मी आकडे वाचत होतो, वैशालीचा नवरा मिलिंद दुपारच्या पाळीवर जायच्या आधी खांब फिरवत होता, वैशाली शाळेला रजा टाकून कानाला हेडफोन लावून बसली होती. काही सेकंदांत तिचा चेहरा उतरला. जुन्या अँटेनावर निदान अर्धे शब्द यायचे, नव्यावर तेही नाहीत. साडेअकराच्या सुमारास तो पुन्हा आला. पुन्हा तेच.

मी खाटेच्या कडेवर बसलो. अक्का समोरच्या खाटेवरचे बिबडे उलटत होत्या. वैशालीने हेडफोन काढला आणि म्हणाली, "सर, एक बोलू? मागे मी लिहिलं होतं तुम्हाला. तबकडीवरच्या आकड्यापेक्षा खांब थोडा बाजूला गेला की आवाज सुधारतो."

"आणि मी काय उत्तर दिलं होतं?"

"आकड्यावर राहा, म्हणून."

ते मला आठवत होतं. टाकीवरून आवाज परतत असेल, आकडा सोडू नकोस, असंही मी लिहिलं होतं. तीस वर्षं मुलांना शिकवलेलं वाक्य होतं ते.

तेवढ्यात अक्का मान वर न करता म्हणाल्या, "सर, तुमची उत्तर वाकडी हाये."

वैशाली ओशाळली. "अक्का तेव्हाही हेच म्हणाल्या होत्या. तबकडी बसवली तेव्हा."

तबकडी बसवली तेव्हा मी पुण्यातून व्हिडिओवर होतो. खांबाजवळ होकायंत्र धरायला मीच सांगितलं, सुई थांबली तिथे शून्य मीच मारायला लावला. कोणीतरी मागून काहीतरी बोललं होतं, आणि त्यावर मी म्हणालो होतो, होकायंत्र खोटं बोलत नाही. लोखंडी खांबाशेजारी, लोखंडी सांगाड्याला खेटून, आणि खाली लोखंडी सळ्यांची स्लॅब. पहिल्या वर्षाच्या मुलाने हे केलं असतं तर मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं.

"अक्का, तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"मी किती वरसं या गच्चीवर खाटा सरकवू राहिली. टाकीची सावली बिबड्यावर आली की बिबडा नरम पडते. सावली कव्हा कुठी जाते, ते मले पाठ हाये." त्या उठल्या, खांबाशी आल्या आणि पायाच्या अंगठ्याने स्लॅबवर एक रेघ दाखवली. "भर दुपारी या खांबाची सावली अशी पडते, त्या निंबाकडे. तुमचा शून्य तिकडं टाकीकडं पाहू राहिला."

मी घड्याळ बघितलं. "बाराला वीस मिनिटं आहेत. आता बघू."

"बारा वाजता नाही, सर. भर दुपार साडेबाराच्या मांगून होते."

मी खिशातून कागद काढला आणि गणित केलं. आपलं घड्याळ चालतं ते पहूरच्या कितीतरी पूर्वेकडच्या रेषेवर. त्या दिवशी पहूरवर सूर्य बरोबर माथ्याच्या रेषेत यायची वेळ निघाली बारा वाजून सदतीस मिनिटं, आणि त्या क्षणी सावली नेमकी उत्तरेकडे पडते. मी गणित दोनदा तपासलं. अक्का तोपर्यंत चौथ्या खाटेवर पोचल्या होत्या.

सव्वाबारापासून एकपर्यंत आम्ही दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकावर कोळशाने खूण केली. खुणा ताणलेल्या दोरीसारख्या एका रेषेत आल्या. खांबाच्या बुडापासून त्या रेषेला काटकोन काढला, आणि तो थेट निंबाकडे गेला, अक्कांच्या अंगठ्याच्या रेघेवरून. आमचा शून्य जवळजवळ तीस अंशांनी चुकलेला होता. जुना अँटेना सगळीकडचं थोडं थोडं ऐकायचा, म्हणून चूक दबून राहिली. नानांचा पिळा समोरचंच ऐकतो, त्यामुळे ती उघडी पडली. दोन महिने ही पोरगी शाळा सांभाळून रोज गच्चीवर उभी होती आणि रिकाम्या आकाशाला हाका मारत होती, माझ्या सांगण्यावरून.

मला फार वाईट वाटलं, आणि मी तसं तिला सांगितलं. तिने उत्तर द्यायच्या आत अक्का म्हणाल्या, "आता जेवा. फुणके थंड होऊ राहिले." फुणके म्हणजे भरडलेल्या डाळीचे वाफवलेले गोळे, ते कढीत बुडवून वर कच्चं तेल घालून खायचे. मी सहा खाल्ले. पश्चात्तापाने माझी भूक कधी कमी झालेली नाही.

शनिवार

तबकडी सोडवून नव्याने बसवली. विहाराच्या दरवाजाला लावून उरलेला निळा ऑइलपेंट घरात होता. त्याने वैशालीने गच्चीवर खांबापासून निंबाच्या दिशेने एक जाड पट्टा ओढला.

चंडोल दहा वाजून वीस मिनिटांनी येणार होता. मिलिंदला त्या दिवशी लवकर निघावं लागलं. रेडिओ सतत जुळवत आकडे वाचायला मला रेडिओपाशी थांबणं भाग होतं आणि हुकूम टाइप करायला वैशाली हवी होती. खांब कोणी फिरवायचा?

"मी फिरवते," अक्का म्हणाल्या आणि पदर खोचला. "आकडे मोठ्यानं सांगा, सर."

मी आकडे सांगायला लागलो. अक्कांनी खांब इतका सावकाश आणि एकसारखा फिरवला की मिलिंदचे झटके आठवून मला आता हसू येतं. चौथ्या आकड्याला रेडिओतून आवाज आला. तुटक नव्हता, पुसट नव्हता. पडद्यावर ओळीमागून ओळ पूर्ण उमटायला लागली. वैशालीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, तिने हुकूम पाठवला. एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्या वेळेनंतर चंडोल एकदम गप्प झाला.

हुकूम ऐकला तर तो आधी गप्प होणार, हे ठरलेलंच होतं. सगळं बंद करून नव्याने सुरू व्हायचं त्याला. पण बॅटरीने जीव सोडला तरीही तो असाच गप्प झाला असता. पुढच्या फेरीपर्यंत दीड तास होता आणि त्या दीड तासात कळायला काहीही मार्ग नव्हता.

अक्कांनी ताज्या घाट्याच्या वाट्या आणल्या, वर कच्च्या तेलाची धार. आम्ही टाकीच्या सावलीत बसलो. वैशालीची वाटी तशीच होती. ती म्हणाली, "सर, ती पट्टी डाखताना माझा हात थरथरत होता. तुम्ही म्हणाला होतात, थरथरू दे, पण थांबू नकोस." मला असं काही म्हटल्याचं आठवत नव्हतं. तरी मी मान हलवली, कारण इतकं शहाणपणाचं वाक्य नाकारणं माझ्या जिवावर आलं.

मग ती म्हणाली, "समितीचं पत्र तुमच्याकडे आहे ना? मला सांगितलं त्यांनी." मी खिशातून पत्र काढून तिच्यासमोर ठेवलं. तिने ते वाचलं आणि घडी घालून परत माझ्या हातात दिलं. "बाराला पाच कमी," एवढंच म्हणाली.

बाराला पाच कमी असताना अक्का खांबापाशी उभ्या होत्या. पहिला आकडा, दुसरा, तिसरा. काही नाही. चौथा, पाचवा. सहाव्या आकड्याला अक्का स्वतःच थांबल्या आणि म्हणाल्या, "बोलू राहिला तो."

त्यांनी माझ्याआधी ऐकलं होतं. पडद्यावर ओळ उमटली. चालू होऊन झालेला वेळ, सव्वीस मिनिटं, म्हणजे अंधारातून उन्हात आल्यापासूनचा. वीज, सूर्यपट्ट्यांवरून. बॅटरी, शून्य. वैशालीने पदराने डोळे पुसले, मग पुन्हा पुसले, आणि पडद्यावरचा तो शून्य बोटाने मला दाखवत राहिली. इतका सुंदर शून्य मी आयुष्यात कोणालाही दिलेला नाही.

संध्याकाळची बस होती. निघताना अक्कांनी डब्यात बिबडे भरले. ते एकमेकांवर घासून मोडू नयेत म्हणून मध्ये घालायला त्यांना कागद हवा होता. "जाडसर कागद हाये का तुमच्याजवळ, सर?"

मी खिशातून पत्र काढून दिलं. त्यांनी ते उलटसुलट पाहिलं, चार तुकडे केले आणि थरांमध्ये नीट बसवले.

सोमवारी समितीची बैठक होती. सहीचं पत्र आणलंत का, असं मला विचारलं, तेव्हा मी डबा टेबलावर ठेवला आणि म्हणालो, आणलं आहे, पण ते काढायचं तर आधी वरचे बिबडे संपवावे लागतील.